कोरडा करू नये

पुरवणी जबाब. मुलुंड पोलीस ठाणे, शुक्रवार, दिनांक १७ जानेवारी १९८६, सकाळी साडेअकरा.

माझे नाव लवू धाकू घाडीगावकर, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, प्रयोगशाळा मदतनीस, दीपांकुर रसायन संशोधन संस्था, मुलुंड पश्चिम. राहणार खोली नंबर ११, टेंभीपाडा, भांडुप. मूळ गाव तालुका कणकवली. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायाने ठाण्यावर येऊन फौजदार बागल साहेबांसमोर सांगतो ते असे.

गेल्या वर्षी १२ मार्च रोजी आमच्या संस्थेत स्फोट झाला. त्यात कुमारी शुभा चंद्रप्रकाश वाळिंबे, वय २७, राहणार घाटकोपर पूर्व, यांचा उजवा डोळा गेला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्याबाबत १४ मार्च रोजी मी याच ठाण्यात जबाब दिला होता. मी त्या वेळी गोदामात होतो, मला काही माहीत नाही, असे त्यात लिहिले आहे. तो जबाब खोटा आहे. मी गोदामात नव्हतो. मी दारात उभा होतो आणि मला सगळे माहीत होते.

आमचे विभागप्रमुख डॉ. विद्याधर हळबे. त्यांच्या हाताखाली मी १९७६ पासून आहे. सोडियम, पोटॅशियम हे धातू पाण्याला लागले की पेटतात, म्हणून ते तेलात ठेवतात. ते बाहेर काढणे, वरची साल खरवडणे आणि सुपारीएवढे तुकडे कापून देणे हे माझे काम. शुभाताई ते तुकडे सुक्या, म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्या, इथरमध्ये टाकायच्या आणि वरून थेंब थेंब फ्लोरीन असलेला एक द्रव सोडायच्या. असा जो द्रव धातूला धरून बसतो त्याला ते लिगंड म्हणतात. बुडबुडे यायचे, धातू विरघळायचा, मग गाळून बर्फात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी साखरेसारखे खडे मिळायचे. हवा लागली की खडे विरघळतात, म्हणून एकेक खडा केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घालून मेणाने तोंड बंद करायचे. नळ्या मी काच तापवून ओढायचो. शंभरातल्या पाच धड निघायच्या. तो खडा दुसऱ्या संस्थेत क्ष-किरणांखाली ठेवून आतले अणू कसे बसले आहेत ते काढतात. या कामाला शुभाताईंची तीन वर्षे गेली. सर खोलीत दिवसातून दोनदा यायचे, एकदा सकाळी आणि एकदा पाहुणे असले तर.

डिसेंबर ८४ मध्ये आतली रचना मिळाली तेव्हा शुभाताईंनी मला चित्र काढून दाखवले होते. त्या म्हणाल्या, "लवूभाऊ, सोडियमच्या शेजारी ऑक्सिजन बसतो, तो घरचा माणूस. पण आपल्याकडे फ्लोरीनसुद्धा घरात शिरून बसलाय. बघा किती जवळ." मी म्हटले, मग चांगलेच झाले ना. त्या म्हणाल्या, "लेख लिहायला चांगलं. पण सोडियम आणि फ्लोरीन एकदा खरंच चिकटले ना, तर कोणाच्याने सुटे होत नाहीत. तापवलं तर धडाका. इथर आहे तोवर तो मध्ये बसून दोघांना लांब ठेवतो. म्हणून हा पदार्थ ओलाच ठेवायचा. कोरडा नाही करायचा." मी बारावी नाही, पण हे मला तेव्हा समजले. पीएच. डी. झालेल्या माणसाला समजले नाही असे मी मानत नाही.

आता कार्डांबद्दल. परदेशातले शास्त्रज्ञ सरांना छापील कार्डे पाठवतात, की तुमच्या अमुक लेखाची एक प्रत आम्हाला द्या. अशी कार्डे महिन्याला वीस-पंचवीस येतात. मागे अर्धी बाजू कोरी असते. सरांना कोरा कागद वापरायचा कंटाळा. ते त्याच कोऱ्या बाजूवर हिरव्या शाईने हुकूम लिहायचे आणि माझ्या हाती द्यायचे. मी ज्याचे त्याला नेऊन दाखवायचे, त्याने खाली सही करायची, काही विचारायचे असेल तर तिथेच लिहायचे, मी परत सरांकडे न्यायचे, आणि काम झाले की दाराजवळच्या तारेला टोचायचे. तोंडी सांगणे नाही. केबिन आणि प्रयोगशाळा यांच्यात अठरा पावले अंतर आहे. ती अठरा पावले सर चालत नसत, मी चालायचो.

तारेला कार्डे जास्त झाली की मी ती घरी न्यायचो. त्यावर परदेशी तिकिटे असतात. मी तिकिटे जमवतो. बशीत पाणी घेऊन कार्ड तरंगत ठेवले की तिकीट सुटते. हे सरांना माहीत होते. पाहुण्यांसमोर ते म्हणायचे, "आमच्या विज्ञानाचा खरा फायदा फक्त लवूला होतो." पाहुणे हसायचे. मीही हसायचो.

१२ मार्च, मंगळवार. ज्या मासिकाकडे लेख पाठवला होता त्यांचे पत्र आले होते, की पदार्थ पूर्ण कोरडा करून त्यात कार्बन किती, हायड्रोजन किती ते मोजून कळवा, मग छापू. दुपारी दोनच्या सुमारास सरांनी मला कार्ड दिले. ते कार्ड आज मी सोबत आणले आहे. त्यावर हिरव्या शाईत मजकूर आहे तो असा: "शुभा, इथर पूर्ण काढून पदार्थ कोरडा कर. पंपावर, साठ अंशाला. चारच्या टपालात कुपी गेली पाहिजे. वि. ह. १२/३."

पंपावर म्हणजे आतली हवा ओढून घेऊन सुकवायचे. मी ते कार्ड शुभाताईंना दिले. त्यांनी वाचले. त्यांनी पेन्सिलने खाली लिहिले: "फुटेल. तरी करायचं?" मी कार्ड केबिनमध्ये नेले. सर टेलिफोनवर कोणाशी तरी गाण्याच्या बैठकीच्या पासांबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी कार्ड वाचले, टोपण काढले आणि एक शब्द लिहिला: "हो." फोन खाली ठेवला नाही. मी उभा राहिलो, तेव्हा त्यांनी हाताने मला जा म्हणून खुणावले.

ते "हो" मी नेऊन दिले. अठरा पावले. वाटेत मी ते वाचले होते. मी थांबू शकलो असतो, सरांना म्हणू शकलो असतो की साहेब, पोरगी सांगते ते ऐका. मी नऊ वर्षे हंगामी होतो. मी काही बोललो नाही.

शुभाताईंनी "हो" वाचले, कार्ड माझ्याकडे दिले आणि म्हणाल्या, "तारेला लावा. आणि लवूभाऊ, तुम्ही बाहेर थांबा." संरक्षणाचा जाड पडदा असतो, तो मी आणायला निघालो तर त्या म्हणाल्या, "तो सरांच्या केबिनमध्ये आहे, त्याच्यावर नकाशा चिकटवलाय. राहू दे." मी कार्ड तारेला लावले नाही. त्यावर चेकोस्लोव्हाकियाचे तिकीट होते, रानबदकाचे. मी दारात उभा राहून तिकीट बघत होतो. तीन वाजायला दहा मिनिटे असताना आत धडाका झाला. मी आत गेलो तेव्हा त्या खाली बसलेल्या होत्या. ओरडत नव्हत्या. म्हणाल्या, "पंप बंद करा आधी." मी पंप बंद केला. फौजदार साहेबांनी पुढचे वर्णन विचारले. ते पंचनाम्यात आहे. मला परत सांगायचे नाही.

सर आले. मी शुभाताईंच्या डोळ्यावर टॉवेल धरून होतो तेव्हा मला दाराशी तारेचा आवाज आला. सर तारेवरची सगळी कार्डे एका दमात ओढून काढत होते. मग त्यांनी शुभाताईंची वही उचलली. ॲम्ब्युलन्सला फोन त्यानंतर केला. नीला म्हणून आमच्या लायब्ररीत आहेत, त्यांनी हे पाहिले आहे. त्या जबाब देतील की नाही ते मला माहीत नाही. त्याही हंगामी आहेत.

कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होते हे सरांना सुचले नाही. ज्या छंदाला ते हसले तोच छंद ते विसरले.

हॉस्पिटलच्या जिन्याखाली सरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "लवू, झालं ते वाईट झालं. पण पोरीने आपल्या डोक्याने केलं. पदार्थ असा फुटेल हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. तू गोदामात होतास ना?" मग म्हणाले, "तुला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. नऊ वर्षं झाली, नाही का?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या शर्टाला रक्त होते, म्हणून लगेच काढून घेतला.

१४ तारखेला मी इथे येऊन खोटे बोललो. १ एप्रिलला कायम झालो. चौकशी समितीत सरांचे दोन मित्र होते. निष्कर्ष असा निघाला की संशोधक विद्यार्थिनीने परवानगीशिवाय निष्काळजीपणाने काम केले. शुभाताईंचे नाव संस्थेतून काढले. पीएच. डी. गेली.

त्या १४ तारखेला संध्याकाळी घरी आल्यावर मी बशीत पाणी घेतले. हिरवी शाई पाण्यात टिकत नाही हे मला माहीत आहे, शेकडो कार्डे धुतली आहेत. तिकीटही मिळेल आणि "हो"ही जाईल असा माझा विचार होता. माझी पत्नी रुक्मिणी भाकऱ्या करत होती. तिला मी आदल्या दिवशी सगळे सांगितले होते. ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "चेडवाचो डोळो गेलो. आता तेचा नाव पण पाण्यात घालतल्यात?" मी पाणी मोरीत ओतले. कार्ड देव्हाऱ्यामागे ठेवले. दहा महिने ते तिथे होते. तिने पुन्हा विषय काढला नाही. मला तिने रोज डबा दिला, पण पहिल्यासारखी बोलली नाही.

६ जानेवारीला परदेशातून लेखाच्या छापील प्रतींचे पार्सल आले. पार्सल मीच फोडतो. सरांनी मला बोलावून एक प्रत हातात दिली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवले. "बघ, परदेशात नाव छापून आलं तुझं." आभार मानले आहेत तिथे माझे नाव आहे, काचेच्या नळ्या बनवल्याबद्दल. वर लेखकांत डॉ. हळबे आणि त्यांचा पुतण्या श्यामसुंदर, जो त्या तीन वर्षांत दोनदा खोलीत आला होता, एकदा बर्फ न्यायला. शुभाताईंचे नाव वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

मी प्रत घरी नेली. मला वाटले रुक्मिणीला आनंद होईल. तिने माझे नाव बोटाने चाचपले आणि विचारले, "आणि चेडवाचा नाव खंय असा?" मी जेवलो नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की कायम करण्याचा कागद ही अर्धीच किंमत होती. उरलेली अर्धी म्हणून त्यांनी माझे नाव तिच्या जागेवर चिकटवले. मला विकत घेतले ते घेतले, वर पावतीही छापली.

रविवार १२ जानेवारी रोजी मी घाटकोपरला शुभाताईंच्या घरी गेलो. अपघातानंतर पहिल्यांदाच. त्यांच्या आई कमलताईंनी दार उघडले, पाणी दिले आणि आत गेल्या. शुभाताईंनी प्रत डाव्या डोळ्याजवळ धरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून वाचले. चौथ्या पानावर त्या थांबल्या आणि हसायला लागल्या. मी घाबरलो. त्यांनी मला एक वाक्य मराठीत सांगितले. ते वाक्य असे: "खबरदारी: हा पदार्थ इथर काढून कोरडा करू नये, सोडियम आणि फ्लोरीन यांच्या जवळिकीमुळे तो गरम केल्यास स्फोटाचा संभव आहे."

त्या म्हणाल्या, "लवूभाऊ, हे माझं वाक्य आहे. पहिल्या खर्ड्यातलं. मीच टाइप केलं होतं. सरांनी वाचलंच नाही हो. कृतीचा भाग ते कधी वाचत नाहीत. नावं तेवढी बदलली, कोरड्या पदार्थाचं मोजमाप जमलं नाही असं कळवलं असेल, आणि पाठवून दिला." मग त्यांनी पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांवर बोट ठेवले. मासिकाला लेख कधी मिळाला ते तिथे छापतात. पहिल्यांदा मिळाला २१ जानेवारी १९८५. सुधारून मिळाला ८ एप्रिल १९८५. हे वाक्य सुधारणेत नंतर घातले असे सर म्हणतील, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "म्हणू देत. पहिली प्रत मासिकाच्या दप्तरात असणार. मागवा म्हणावं."

म्हणजे पदार्थ फुटेल हे जगात कोणालाच माहीत नव्हते असे जे सरांनी समितीला आणि पोलिसांना सांगितले, ते अपघाताच्या सात आठवडे आधी त्यांच्याच नावाच्या लेखात लिहिलेले होते. आणि परवानगीशिवाय केले असे जे सांगितले, त्याचे उत्तर कार्डावर आहे. माझे शिक्षण थोडे आहे, पण दोन कागद शेजारी ठेवता येतात.

मी निघताना शुभाताईंनी विचारले, "त्या वेळी तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत?" मी खरे सांगितले, की काही माहीत नाही म्हणून सांगितले, आणि कार्ड माझ्या घरी देव्हाऱ्यामागे आहे. त्या म्हणाल्या, "मला वाटलं कार्ड सरांनी जाळलं असेल. म्हणून मी तुमच्यावर कधी रागावले नाही." मी म्हटले, आता रागवा. त्या म्हणाल्या, "आता तुमची नोकरी जाईल." मी म्हटले, जाऊ दे. त्यांनी मला पोलिसांकडे जाऊ नका असे म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. दार त्यांनी डाव्या हाताने लावले.

रविवारी समजले, मग शुक्रवारपर्यंत पाच दिवस काय केले, असे फौजदार साहेबांनी विचारले. थांबलो. मुद्दाम थांबलो. उद्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या सभागृहात या लेखाबद्दल सरांचा जाहीर सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, दीडशे पाहुणे. मला ते खुर्चीवर, गळ्यात हार असताना हवे होते. सोमवारी आलो असतो तर सत्कार रद्द करून ते घरी बसले असते, तब्येतीचे कारण सांगून.

हा सूड आहे का, असे साहेबांनी विचारले. हवालदारांनी "न्याय मिळावा म्हणून" असे लिहायला घेतले होते. ते मी खोडायला लावले. सूड लिहा. न्याय तुम्ही करा, तो तुमचा धंदा. मला त्या माणसाला उतरताना बघायचे आहे. माझ्यावर खोटा जबाब दिल्याचा गुन्हा लावा, माझी हरकत नाही. एकाच गाडीत बसवले तरी चालेल. मी त्यांच्या शेजारी बसेन.

उद्याच्या उद्या कारवाई होईलच असे सांगता येत नाही, वरिष्ठांना विचारावे लागेल, असे साहेबांनी मला सांगितले. ते मी समजून होतो. म्हणून एक गोष्ट आणखी सांगतो.

सत्काराला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या खुर्चीवर लेखाची एक प्रत ठेवायची आहे. सरांचीच कल्पना. ते काम माझ्याकडे दिले आहे. मी काल आणि परवा बसून दीडशे प्रतींत चौथ्या पानावरच्या त्या वाक्याखाली आणि पहिल्या पानावरच्या तारखेखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे. स्टेशनजवळच्या दुकानातून कार्डाच्या दीडशे झेरॉक्स काढून प्रत्येक प्रतीत एक घातली आहे. हिरवी शाई झेरॉक्समध्ये काळी येते, पण "हो" स्पष्ट वाचता येते. आज सकाळी आठ वाजता मी सगळ्या प्रती खुर्च्यांवर मांडून सभागृहाला कुलूप लावले. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर, जिथे सर बसणार, तिथेही एक ठेवली आहे. निदान ही तरी ते वाचतील.

प्रती परत उचलाल का, असे साहेबांनी विचारले. नाही. किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मी उद्या पाचला पाच मिनिटे कमी असतानाच देणार आहे. ती आत्ता जप्त करायची असेल तर करा आणि तसे लिहून घ्या, म्हणजे कोणी प्रती उचलल्या तेही कागदावर राहील. साहेबांनी किल्ली मागितली नाही.

मूळ कार्ड आणि लेखाची एक प्रत हजर करत आहे. कार्डावरचे तिकीट मी काढलेले नाही. ते मला नको. १४ मार्चचा माझा पहिला जबाब फाडू नये, याच्या खाली जोडून ठेवावा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल की माणूस कायम होताना काय काय लिहून देतो.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मागच्या वेळीही असाच वाचून दाखवला होता आणि मी बरोबर आहे म्हणून सही केली होती. तेव्हा ते खोटे होते. आज बरोबर आहे.

सही: लवू धाकू घाडीगावकर
समक्ष: खं. रा. बागल, पोलीस उपनिरीक्षक